उजवं मागचं चाक

कट्.
मग गप्प. मग पुन्हा कट्.
घणसोलीच्या नाल्याकडून खताच्या गोण्या आणताना,
उजवीकडे वळलं की जास्त,
ट्रॉली मोकळी असली की जवळजवळ नाही,
आणि कुणाला ऐकवायला नेलं की
शहाण्या पोरासारखं एकदम मुकं.

आमची नर्सरी हाय टेन्शनच्या तारांखाली.
हवा दमट झाली की तारा तळणीसारख्या चरचरतात.
त्यातून एका चाकाचं गाऱ्हाणं वेगळं काढायचं
म्हणजे वाजतगाजत्या वरातीत
आपलं हरवलेलं पैंजण शोधायचं.

तुर्भ्याचा गॅरेजवाला ट्रॅक्टरला हात न लावताच म्हणाला,
"बेअरिंग गेलं, मॅडम. एक्सल खोलावा लागेल.
चौदा हजार धरून चला."
चौदा हजार म्हणजे साडेतीनशे जास्वंदी, कुंड्यांसकट.
मी धरून चालले नाही.
काथोडमामांना फोन लावला,
म्हणजे त्यांच्या नातवाला.
मामांना फोन ऐकू येत नाही.
तीस वर्षं खडीच्या क्रशरवर मशिनी सांभाळल्या,
डोंगर संपला
त्याच सुमाराला कानही.

मामांनी सायकल सोनचाफ्याच्या कलमांना टेकवली.
मी काही बोलले नाही.
खडू मागितला, टायरवर उभी रेघ ओढली.
"नयनेश, हलू चालव. गोन्या भरलेल्याच र्‍हाऊ दे."
मी झाले कान, ते डोळे:
कट् झालं की मी हात वर करायचा,
रेघ जमिनीला लागली की त्यांनी मान हलवायची.
हात, मान.
हात, मान.
नर्सरीला दोन फेऱ्या होईपर्यंत
गिऱ्हाईक गेटपाशी थांबून बघत होतं.

"एका फेर्‍याला एकुच. त्याच जाग्याव.
बेअरिंग आसतं त दलन दलल्यासारका कुरकुरला आसता.
ह्यो ठोका हाय."

पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक,
जॅक फसवेल म्हणून लाकडी ठोकळा.
मग लांब पेचकसाचं टोक एक्सलवर टेकवून
मामांनी मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
नयनेश पहारीने रिमला झोले देत होता.
एक्सलवर काही नाही.
मग डिस्कचे बोल्ट. एक. दोन. तीन. चार.
पाचव्याला त्यांचा जबडा थांबला.

पाना लावला तर घट्ट!
पण वॉशरच्या कडेने गेरूसारखी तांबडी ओळ उतरलेली.
"ही कवापासून?"
मला माहीत होती ती ओळ.
गंज म्हणून, चिखल म्हणून,
दर रविवारी नळी लावून
मी स्वतःच ती धूत आले होते.

बोल्ट काढला. आतलं भोक गोल राहिलं नव्हतं,
खजुराच्या बीसारखं लांबट झालेलं.
लोखंडाने लोखंड खाल्लं
आणि भुकटी बाहेर टाकली, एवढंच.
डिस्क रबाळ्याला नेली, भोक भरून पुन्हा पाडलं,
नवा बोल्ट, जाड वॉशर.
सगळे मिळून सहाशे चाळीस.
मजुरी मामांनी घेतली नाही, चिकूचं कलम घेतलं,
तेही माझ्या नव्हे, स्वतःच्या पसंतीचं.

आवळताना समोरासमोरचे,
थोडे थोडे, आळीपाळीने.
"एकाच्याच मागं लागलास की चाक वाकडा बसतं,"
हे नयनेशला,
पण बघत होते माझ्याकडे.

गोण्या भरून पुन्हा फेरी.
मडगार्डवर तळहात ठेवून मामा बाजूने चालत राहिले,
वळणावर हात काढला.
"गेला."
आणि जाता जाता,
"धा तास चालव न परत आवळ.
नाय आवळलंस त मना बोलावू नको."

मीटरवर आज आठ तास झालेत.
पाना सीटखाली आहे.
टायरवरची रेघ पुसत आलीय,
तरी उजव्या वळणावर
माझा हात अर्धा वर जातो.